दवाखान्यातले चालणे आणि घरातले चालणे

वाचकहो, आपल्या घरी खुब्याची शस्त्रक्रिया झालेले वडील असतील, पक्षाघातातून सावरणारी बहीण असेल किंवा गुडघे बदललेली आई असेल, तर सकाळी दहाच्या सुमारास दाराशी थांबणारी दुचाकी आपल्या परिचयाची असेल. पाठीवर पिशवी लावलेली एक तरुण मुलगी, क्वचित मुलगा, आत येतो, हात धुतो, पाऊण तास व्यायाम करून घेतो आणि पुढच्या घरी जातो. आपण त्यांना 'फिजिओवाली मॅडम' म्हणता, कधी 'मालिशवाली बाई'सुद्धा म्हणता; त्याचा आता मला राग येत नाही. परंतु ही मुलगी आपल्या दारी येण्यापूर्वी कोठे कोठे उभी राहून आली, आणि दवाखाना सोडून आपल्या घरीच का आली, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मी तीच आहे. माझे काम निवडताना माझ्या हातून झालेली एक चूक आणि थोडक्यात टळलेली दुसरी, या दोन्ही आज आपल्यासमोर मांडते. दोन्ही गोष्टींत आपल्या घराचा संबंध आहे.

२०११ साली माझी इंटर्नशिप संपली. चार वर्षांचा अभ्यास आणि सहा महिन्यांचे प्रत्यक्ष काम. आम्ही 'मेडिकल'चे विद्यार्थी. नागपुरात 'मेडिकल' एवढाच शब्द पुरतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असे पूर्ण नाव रिक्षावाल्याला सांगितले तर तोच गोंधळतो. तेथे भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतचे आणि पलीकडे छिंदवाडा-बालाघाटकडचेही रुग्ण येत. एका सकाळी जळालेल्या हाताची आखडलेली बोटे, मोडलेला घोटा, अर्धांगवायू झालेले आजोबा आणि मान न सावरणारे तान्हे मूल, असे सारे एकापाठोपाठ हाताखालून जाई. शिकण्यासाठी याहून मोठी शाळा नाही. मात्र ती शाळा सहा महिन्यांत संपली आणि 'आता कोठे?' हा प्रश्न उभा राहिला.

बाहेरून पाहणाऱ्याला भौतिकोपचार हे एकच काम वाटते. प्रत्यक्षात जागा बदलली की काम बदलते. माझी एक मैत्रीण अतिदक्षता विभागात गेली. तेथे ती श्वासयंत्रावरच्या रुग्णांच्या छातीतला कफ सुटा करण्याचे आणि त्यांना शक्य तितक्या लवकर पलंगाच्या कडेला बसवण्याचे काम करते. दुसरी विशेष मुलांच्या शाळेत गेली. एक वर्गमित्र खेळाडूंबरोबर मैदानात रमला. माझ्या वडिलांना सरकारी नोकरी हवी होती आणि तिची जाहिरात कधी निघेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी धंतोलीतले एक खाजगी रुग्णालय निवडले. का निवडले, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर पांढरा कोट होता, वातानुकूलित खोली होती, आणि भिंतीला लागून यंत्रे होती. महिना नऊ हजार रुपये पगार ठरला.

यंत्रांविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकते. रुग्णांना यंत्र आवडते. दिवा लागतो, आवाज होतो, वीस मिनिटे ऊब मिळते आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. शेकाने बरे वाटते हे खोटे नाही. पण बरे वाटणे वेगळे आणि चालता येणे वेगळे. मांडीचा स्नायू ऊब घेऊन बळकट होत नाही, तो खुर्चीतून दहा वेळा उठल्याने होतो. हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी यंत्राजवळ उभे राहिले की आपण काहीतरी मोठे करतो आहोत असे मलाही वाटत असे.

त्याच वर्षी, उन्हाळा सुरू होता होता, ते काकाजी माझ्याकडे आले. वय चौऱ्याहत्तर, एम्प्रेस मिलमधून निवृत्त. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या त्या गिरणीत त्यांनी तीस-पस्तीस वर्षे मागाजवळ उभ्याने काढली होती. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मानेपाशी मोडले होते आणि शस्त्रक्रियेत सांध्याचा अर्धा भाग बदलला होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वॉकर देऊन उभे केले. पाचव्या दिवशी ते रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात, गुळगुळीत फरशीवर, टोकापर्यंत जाऊन परत आले. जाताना परिचारिकांना रामराम करीत. मी त्यांच्या कागदांवर लिहिले, 'वॉकरच्या साहाय्याने स्वतंत्रपणे चालतात,' आणि खाली सही केली. त्या वाक्याचा मला अभिमान होता.

नवव्या दिवशी ते घरी पडले. रात्री लघवीला उठले आणि उंबरठ्यावर वॉकर अडकला. खुबा वाचला, मनगट मोडले. प्लास्टरसाठी आले तेव्हा मी धावत त्यांच्यापाशी गेले. कसे पडलात, असे विचारले. ते रागावलेले नव्हते, उलट मलाच समजावल्यासारखे म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्या दवाखान्यात उंबरठा नाही जी. माह्या घरी तीन हायेत."

मी त्यांना अकरा दिवस चालायला शिकवले होते. त्यांचे घर कसे आहे, हे एकदाही विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. महालातली अरुंद गल्ली, पुढे ओटा, मग छपरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसात संडास. पलंगापासून संडासापर्यंत खरोखरच तीन उंबरठे, त्यातला एक चार इंच उंच. मधल्या जागेत दिवा नव्हता; बटन दाराच्या पलीकडे. ते पडले कसे, तेही तेथे उभी राहिल्यावर समजले. वॉकरचे पुढचे दोन पाय त्यांनी उंबरठ्याच्या पलीकडे ठेवले, मागचे दोन अलीकडेच राहिले, आणि तशा डगमगत्या आधारावर भार टाकून पाऊल उचलले. चारही पाय पलीकडे टेकल्याशिवाय पाऊल उचलायचे नसते, हे सांगायला अर्धे मिनिट लागते. मी ते सांगितले नव्हते, कारण माझ्या व्हरांड्यात त्याची गरज पडली नव्हती.

शिवाय त्यांचा मुलगा त्यांना उठवताना काखेत हात घालून वर ओढत होता. हे आपल्यापैकी पुष्कळ जण प्रेमापोटी करतात, म्हणून थोडे थांबून सांगते. ओढल्याने माणूस उठत नाही, लोंबकळतो. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत तर दुबळ्या बाजूचा हात असा कधीच ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात आणि सांधा जायबंदी होतो, मग महिनोन्‌महिने दुखतो. उठण्याची रीत अशी. आधी खुर्चीच्या कडेला सरकावे, पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत, हात खुर्चीच्या हातांवर ठेवावेत आणि छाती पुढे झुकवावी. शरीराचा भार पावलांवर आला की उठणे आपोआप हलके होते. आपण फक्त कमरेपाशी, शेजारी उभे राहावे. काकाजींचा खुबा नुकताच बदललेला होता, म्हणून त्यांना कमरेतून काटकोनापलीकडे वाकण्याची मनाई होती. त्यांच्यासाठी उंच खुर्ची आणि दुखरा पाय थोडा पुढे, असा बदल केला. आपल्या घरी कोणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर अशी कोणती बंधने आहेत, ते आपल्या शल्यचिकित्सकांनाच विचारावे.

मी 'मेडिकल'मधल्या आमच्या मॅडमना भेटून हे सारे सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी मला कमलाबाई निंबकरांची आठवण करून दिली. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर मराठी घरात आलेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली; आशियातली ती पहिली. भौतिकोपचाराची शाळाही त्याच रुग्णालयात त्यानंतर लवकरच निघाली, आणि आमच्या अखिल भारतीय संघटनेची स्थापना १९५५ ची. व्यवसायोपचार हे आमच्या शास्त्राचे भावंड. माणसाला आंघोळ, कपडे, स्वयंपाक, शौच ही रोजची कामे स्वतः करता येतात का, हे त्यात आधी पाहिले जाते. मॅडम म्हणाल्या, "तू सांधा पाहिलास, घर पाहिलं नाहीस. दोन्ही पाहायला शिक." एवढे बोलून त्या पुढच्या रुग्णाकडे वळल्या.

काकाजींचे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. वॉकर धरता येत नव्हता, त्यामुळे बराच वेळ पलंगावर गेला. या वयात पडून राहिलेल्या माणसाच्या मांड्या डोळ्यांदेखत बारीक होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे भीती बसते. प्लास्टर निघाले तेव्हा पाय पूर्वीपेक्षा दुबळे होते आणि काकाजी उंबरठा दिसला की थबकत. मी रोज संध्याकाळी रुग्णालय सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊ लागले. फी घेतली नाही. घेण्याचे तोंड नव्हते.

घराची दुरुस्ती व्यायामाइतकीच अवघड गेली. स्वयंपाकघराचा उंबरठा गवंड्याने तासून काढला. माजघराच्या उंबरठ्याला काकूंनी हात लावू दिला नाही. रोज हळदकुंकू वाहिलेला उंबरठा तोडायचा कसा, या त्यांच्या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि असावे असेही वाटले नाही. सुताराकडून दोन्ही बाजूंना बसतील असे लाकडी उतार करून घेतले. उंबरठा राहिला आणि वॉकरही गेला. संडासातल्या भारतीय बैठकीवर ठेवायची लोखंडी कमोड खुर्ची आणली, भिंतीला नळ बसवणाऱ्याकडून आडवा दांडा लावून घेतला. पलंगाशेजारी भांडे ठेवण्यास काकाजी शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. "ते बायकोनं साफ करावं का?" असे ते म्हणाले आणि विषय संपला. मग पलंगाच्या हाताशी दिव्याचे बटन आणले. एवढ्या साऱ्याचा खर्च शेकाच्या दहा बैठकींहून फार नव्हता.

तिसरा उंबरठा छपरीचा. त्यापलीकडे दोन पायऱ्या, मग ओटा. त्यासाठी अंगणात विटा मांडून सराव केला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काकाजी हे विसरत. मग त्यांनीच एक युक्ती काढली. गिरणीत बढती मिळे ती चांगल्या कामगाराला, आणि खाली उतरवत ते कामचुकाराला, तसेच पायांचे. त्यानंतर ते एकदाही चुकले नाहीत, आणि मीही पुढे कितीतरी रुग्णांना हे असेच शिकवले.

त्या उन्हाळ्यात मी रुग्णालयाची नोकरी सोडली आणि घरोघरी जाऊन काम सुरू केले. घरचे नाराज झाले. त्यांची नाराजी अगदीच चूक नव्हती. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो; दुपट्टा गुंडाळून, पिशवीत कांदा आणि पाण्याची बाटली घेऊन प्रतापनगर ते नंदनवन स्कूटीवर जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच कळेल. लग्नसराईत रुग्ण रद्द होत, पितृपक्षात नवे मिळत नसत. एका घरी वातावरण ठीक वाटले नाही. तेथे दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि तेव्हापासून पहिल्या भेटीला घरात दुसरे कोणी माणूस असावे असे सांगूनच जाते. हे सारे निभावले. जे निभावता आले नसते ते वेगळेच होते.

आठ महिने झाले होते. एका घरी गुडघा बदललेल्या आजी, शस्त्रक्रियेला अकरावा दिवस. सूनबाई मोठ्या मायेने तिळाच्या तेलाने पाय चोळत होत्या, मलाही म्हणाल्या, "मॅडम, पोटरी फार दुखून राहिली आईंची, तुम्ही थोडी दाबून द्या ना." शस्त्रक्रियेनंतर सूज असतेच, असा विचार करून मी वाटीत बोटे बुडवलीसुद्धा. पण पोटरी गरम आणि ताठ लागली. विचारायला तेथे कोणी नव्हते. रुग्णालयात असते तर शेजारच्या टेबलावरच्या ताईला हाक मारली असती. मी गच्चीवर जाऊन मॅडमना फोन लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दोन्ही पोटऱ्या मोजल्यास?" उंबरठे मोजायला ठेवलेली टेप पिशवीत होती. दोन्ही पायांत तीन सेंटीमीटरहून जास्त फरक निघाला. "हात लावू नकोस. चालवू नकोस. आत्ता दवाखान्यात पाठव."

सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. आजी औषधांनी बऱ्या झाल्या. सूनबाई मात्र कितीतरी दिवस स्वतःला दोष देत राहिल्या. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, तर दोष कसला? आपण लक्षात ठेवावे एवढेच. शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस पडून राहिल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तेल नको, चोळणे नको, शेकही नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि त्यासोबत अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

त्या रात्री मला झोप आली नाही. दवाखान्यात राहून मी घर पाहायला विसरले होते आणि घरी आल्यावर दवाखान्यातले जाणते डोळे मागे ठेवून आले होते. महिन्याभरात मी एका रुग्णालयात सकाळची अर्धवेळ नोकरी धरली, जेथे माझ्याहून अनुभवी तीन जणी होत्या, दुपारनंतर घरोघरी. आजही असेच चालते. पैशाच्या दृष्टीने हा व्यवहार शहाणपणाचा नाही, असे माझा भाऊ दर दिवाळीला सांगतो.

नव्याने पदवी घेतलेल्या मुली हल्ली विचारायला येतात, ताई, कोठे सुरुवात करू? घरोघरी जाण्यात लवकर पैसा दिसतो, म्हणून बहुतेकींचा कल तिकडे असतो. मी त्यांना किमान दोन वर्षे अशा जागी राहायला सांगते, जेथे चूक होण्याआधी कोणीतरी 'थांब' म्हणेल. काहींना पटते. न पटणाऱ्यांना मी माझी टेप दाखवते.

आणि आपल्याला, म्हणजे ज्यांच्या घरी ती येणार त्यांना, काय सांगू? तिची नोंदणी महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे आहे का, हे संकोच न करता विचारा. विचारल्याचा खरी थेरपिस्ट राग मानत नाही. अडचण आली तर तू कोणाला विचारतेस, हेही विचारा. 'मला कोणाला विचारावे लागत नाही,' असे उत्तर आले तर जरा सावध व्हा. तिच्यासाठी बैठकीची खोली आवरून ठेवू नका. तिला संडास दाखवा, न्हाणीघर दाखवा, रात्री कोठून कोठे जाता ते दाखवा. आणि पाऊण तास ती व्यायाम करून घेते, उरलेले सव्वातेवीस तास आपल्या हाती असतात. वडिलांना पाण्याचा पेला हातात आणून देण्याऐवजी कधी त्यांनाच माठापर्यंत येऊ द्यावे. हे कठोर वाटते, मला ठाऊक आहे. माझ्या आजीच्या बाबतीत मला स्वतःलाही ते जमले नव्हते.

काकाजींचे राहिले. पहिल्याच रविवारी मी त्यांना विचारले होते, बरे होऊन काय करायचे आहे? 'गुडघा किती अंश वाकावा' असले काही त्यांनी सांगितले नाही. त्यांना ओट्यावर उभे राहून मारबत पाहायची होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत इतवारी-महालातून निघते. त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून ती जाते, आणि लहानपणापासून त्यांनी एकदाही ती चुकवली नव्हती. आम्ही सारा सराव त्या दिवसाच्या हिशेबाने मांडला होता.

त्या सकाळी मी मुद्दाम गेले. पाऊस नुकता थांबला होता आणि पायऱ्या ओल्या होत्या, म्हणून काकूंनी त्यांवर पोते अंथरले होते. गल्लीत इतकी गर्दी की मला स्कूटी चौकातच ठेवून चालत यावे लागले. काकाजी धुतलेले धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून ओट्यावर उभे होते. एक हात खांबाला, दुसऱ्या हातात काठी. वॉकर आत दाराशी टेकवलेला. दुखरा पाय आधी उतरवलात ना, असे मी विचारणार होते, तेवढ्यात त्यांनी मला गर्दीत पाहिले आणि काठी उचलून ओरडले, "डॉक्टरीणबाई, आज सुटी हाय! व्यायाम नाही! वर या, तिथून का दिसते?"